सासूबाईंची सेवा, मदतीला बाई आणि ‘आपला वधस्तंभ उचल’

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते. सासूबाई ७४ वर्षांच्या. चौदा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. यजमान शिफ्टमध्ये कामाला, दीर त्याच गावात, नणंद पुण्यात. अंघोळ, डायपर, भरवणं, रात्रीचं उठणं, सगळं तुमच्याकडे. गुड फ्रायडेच्या उपासनेत त्यागमय प्रीतीवर उपदेश झाला, त्यात दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करणाऱ्या माक्सिमिलियन कोल्बे यांचं उदाहरण दिलं गेलं. बाहेर पडताना मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, ‘हा तुझा वधस्तंभ आहे, आनंदाने उचल, रूथसारखी हो.’ आणि त्याच आठवड्यात भरवताना तुम्ही पेजेची वाटी आपटलीत. तुम्ही विचारता, माझी प्रीती खोटी आहे का? आणि दिवसा मदतीला बाई ठेवली तर मी प्रभूपुढे त्याग मोडला असं होईल का?

मी पाळकीय समुपदेशन करते आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना शुश्रूषेचं प्रशिक्षणही देते, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंबद्दल बोलते. बाई ठेवल्याने त्याग मोडत नाही, हे उत्तर आधीच देऊन टाकते. का मोडत नाही, हे मात्र नीट समजून घ्या, नाहीतर बाई येईल आणि तुमच्या मनातली टोचणी तशीच राहील. मला तुमच्या पत्रात खरा प्रश्न वेगळाच दिसतो. ही सेवा तुम्ही देताय, की ती तुमच्याकडून घेतली जातेय? बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. तेच डायपर, तीच पेज. पण शुभवर्तमानात प्रीतीची ओळख याच फरकावर ठरते. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. वधस्तंभाची सगळी ताकद या ‘आपण होऊन’मध्ये आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या इथेच कबूल करते. घरात पैसा किती आहे, यजमान तुमच्या बाजूने उभे राहतात का, सासूबाईंना गिळता किती येतं, त्यांच्या पाठीची कातडी शाबूत आहे का, तुमची स्वतःची पाठ आणि साखर कशी आहे, यावर खालच्या सूचना कमीजास्त होतील. तुम्ही कोणत्या मंडळीच्या, यावर शब्दही बदलतील. कॅथलिक घरात ‘हे दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून अर्पण कर’ असं सांगतात, आपल्याकडे तितकं सांगत नाहीत. पण दोन्हीकडे एक अट तीच राहते. अर्पण करणारी व्यक्ती मोकळी असावी लागते.

कोल्बे यांचंच उदाहरण घ्या. ते पोलंडचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू. जुलै १९४१च्या अखेरीस आउश्वित्झच्या छळछावणीतून एक कैदी बेपत्ता झाला, म्हणून दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. त्यातल्या फ्रान्सिशेक गायोव्निचेक नावाच्या कैद्याने बायकोमुलांच्या नावाने हंबरडा फोडला. कोल्बे रांगेतून पुढे आले आणि म्हणाले, याच्या जागी मला घ्या. १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारलं. गायोव्निचेक १९९५ पर्यंत जगले. १९८२ मध्ये कोल्बे यांना संतपद दिलं तेव्हा ते त्या समारंभाला हजर होते. आता या प्रसंगात कोण काय बोललं ते बघा. ‘कोल्बे, तू जा, हा तुझा वधस्तंभ आहे’ असं रांगेतला कोणीही म्हणाला नाही. तसं कोणी म्हटलं असतं, तर उरलं असतं ते फक्त एक फर्मान. त्यागाची शिफारस माणसाने स्वतःला करावी, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून करू नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाय कोल्बे यांचा निर्णय ही एका घटकेची गोष्ट होती. तुमचं देणं चौदा महिने चाललंय आणि आणखी काही वर्षं चालू शकतं. एका घटकेच्या त्यागाला धैर्य पुरतं. वर्षानुवर्षांच्या त्यागाला झोप, पाळ्या आणि पैसे लागतात.

योहानाच्या पहिल्या पत्रातही हे असंच आहे. तिसऱ्या अध्यायातलं १६वं वचन म्हणतं की त्याने आपल्यासाठी प्राण दिला, म्हणून आपणही बंधूंसाठी प्राण द्यावा. लगेच १७वं वचन संसाराची साधनं जवळ असून भावाची गरज बघणाऱ्या आणि तरी कळवळा न येणाऱ्या माणसाकडे वळतं. प्राण देण्याची गोष्ट एका ओळीत धान्य, कपडे आणि पैशांवर येते. हे १७वं वचन तुमच्या दिरांनाही लागू आहे, नणंदेलाही, आणि मंडळीलाही.

‘आपला वधस्तंभ उचल’ या वचनाबद्दल. लूकने ते सांगताना ‘दररोज’ हा शब्द घातला आहे, म्हणून घरातल्या रोजच्या कष्टांना ते चटकन चिकटवलं जातं. पण ऐकणाऱ्यांना वधस्तंभ म्हणजे रोमी सत्तेची शिक्षा ठाऊक होती. ख्रिस्ताच्या मागे गेल्यामुळे जे सोसावं लागेल ते, असा त्याचा सरळ अर्थ. सासूबाईंचा पक्षाघात ही ती गोष्ट नाही, तो आजार आहे. त्या आजारात तुम्ही त्यांची सेवा करणं हे ख्रिस्ताच्या मागे जाणं नक्कीच होऊ शकतं, पण ते तुम्ही म्हणायचं. दिरांनी खुर्चीत बसून म्हणायचं नाही.

आता रूथ. आपल्या मंडळ्यांत हे नाव प्रत्येक सुनेला ऐकवलं जातं, म्हणून इथे जरा थांबते. बायबलमधल्या तिच्या नावाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा वाचा. रूथची सासू नामी आपल्या दोन्ही विधवा सुनांना परत जा म्हणून सांगते, आठव्या वचनात, मग अकराव्यात, मग बाराव्यात, आणि पंधराव्यात एकट्या रूथला पुन्हा. दुसरी सून अर्पा निघून जाते आणि शास्त्र तिला एका शब्दानेही दोष देत नाही. दार पूर्ण उघडं असताना रूथ राहिली, म्हणून तिच्या राहण्याला प्रीती म्हणायचं. तुम्हाला कोणी दार उघडून दाखवलंय का? दुसरी गोष्ट, रूथच्या कष्टांमागे एक व्यवस्था उभी होती. शेताच्या कडेची आणि मागे राहिलेली कणसं गरिबांना सोडायची हा लेवीय पुस्तकातला नियम होता, म्हणून तिला सरवा वेचता आला. शेताचा मालक बवाज याने मजुरांना सांगितलं की हिच्यासाठी मुद्दाम पेंढ्यांतून थोडं काढून टाका. संध्याकाळी तिच्या पदरात एफाभर सातू होते, म्हणजे साधारण वीस-बावीस लिटरचं माप. एकट्या बाईने एका दिवसात इतके सातू नुसत्या निष्ठेवर आणले नाहीत. मालकाने, मजुरांनी आणि नियमाने हात लावला होता. ‘रूथसारखी हो’ म्हणणाऱ्या मंडळीला ‘तुम्ही बवाज व्हाल का’ असं विचारायला हरकत नाही, आणि ते भांडणाच्या सुरात विचारायची गरजही नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो योहानाचा तेरावा अध्याय, कारण त्यात प्रीती हातांनी करायच्या कामात दाखवली आहे. क्रियापदं एकेक करून बघा. येशू भोजनावरून उठला. बाह्यवस्त्रं काढून ठेवली. रुमाल घेऊन कमरेला बांधला. गंगाळात पाणी ओतलं. शिष्यांचे पाय धुतले. रुमालाने पुसले. आणि मग बाराव्या वचनात, वस्त्रं पुन्हा घातली आणि पुन्हा बसला. हे शेवटचे दोन शब्द उपदेशात बहुतेक वेळा निसटतात. सेवेला सुरुवात होती, तसा शेवटही होता. रुमाल कायमचा कमरेला बांधून ठेवायचा नव्हता. मूळ ग्रीकमध्ये वस्त्रं ‘काढून ठेवली’ आणि ‘पुन्हा घेतली’ यांसाठी जी क्रियापदं आहेत, तीच दहाव्या अध्यायात प्राण ‘देतो’ आणि ‘परत घेतो’ यांसाठी आहेत. म्हणजे लेखकाला पाय धुण्यात वधस्तंभ आणि पुनरुत्थान दोन्ही दिसत होतं, नुसता वधस्तंभ नाही. तुम्ही दिवसातून एकदा एप्रन काढून, हात धुऊन, दार लोटून बसलात, तर हा अध्याय मोडत नाही, उलट पुरा होतो.

त्याच प्रसंगात पेत्र हा शिष्य पाय पुढे करायला तयार नव्हता. त्याला उत्तर मिळालं की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. सेवा घेता येणं हाही शिष्यपणाचा भाग आहे. माझ्या कामात वारंवार दिसतं की सेवा करणाऱ्या बायका या एका ठिकाणी पेत्रापेक्षा हट्टी असतात. कोणी ताट घासतो म्हटलं तरी ‘राहू दे, मी करते’. तुमच्याही पत्रात तसं एक वाक्य आहे. शेजारच्या काकूंनी दुपारी बसते म्हटलं आणि तुम्ही नको म्हणालात. त्यांना उद्या होकार कळवा.

आणि पैसे देऊन बाई ठेवण्याबद्दल थेट उत्तर हवं असेल, तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा शेवट वाचा. वाटेत घायाळ पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा त्याने बांधल्या, तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्र काढली. हे आपल्याला पाठ आहे. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असं सांगून तो आपल्या वाटेला लागला. शेजारधर्माचा सगळ्यात मोठा दाखला पगारी मदतनीसावर संपतो! प्रभूने त्याला कमी लेखलं नाही. जा आणि तूही तसंच कर, असं म्हटलं. शोमरोन्याने आपला प्रवास सोडला नाही, हिशेब मोकळा ठेवला आणि परत यायचं कबूल केलं.

तुमच्या गुड फ्रायडेच्या उपासनेत येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार वाचले गेले असतील. तिसरा उद्गार म्हणजे ‘बाई, पाहा, हा तुझा मुलगा’. वधस्तंभावरून, श्वास घेणंही कठीण असताना, त्याने आईची सोय लावली आणि ती एका शिष्याच्या हाती सोपवली. त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं. त्यागाच्या परमोच्च क्षणी म्हाताऱ्या आईला कोण सांभाळणार याची नेमणूक झाली, नाव घेऊन, समोरासमोर.

आता वाटी आपटण्याबद्दल. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातलं ‘चिडत नाही’ तुम्हाला टोचतंय हे कळतं. पण त्याच्या दोनच वचनं आधी, तिसऱ्यात, पौल म्हणतो की सगळं दान केलं, देहही अर्पण केला, आणि प्रीती नसली तर लाभ नाही. म्हणजे त्याग आणि प्रीती एक नव्हेत. ‘अपकार स्मरत नाही’ या शब्दांमागे ग्रीकमध्ये हिशेबाच्या वहीत नोंद करण्याचं क्रियापद आहे. चिडचिड आणि ही वही यांत मी वहीला जास्त घाबरते. चिडचिड झोप मिळाली की बरीच उतरते. वही मात्र पानापानाने भरत जाते: नणंद दिवाळीला आली नाही, दिरांनी औषधाचे पैसे दिले नाहीत, यांनी विचारलंही नाही. दोनतीन वर्षांनी तीच सेवा करणाऱ्या हातांतून रुग्णाला वही वाचून दाखवली जाते. म्हणून वही भरण्याआधी मागणं मागा. मदत मागणं हे प्रीती टिकवण्याचं काम आहे.

सासूबाईंची क्षमा मात्र मागा. उजवी बाजू आणि वाचा एकदम जाते तेव्हा झटका बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला असतो. अशा रुग्णाला बोलता आलं नाही तरी बरंच समजत असू शकतं. समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, छोटं वाक्य बोला, डावा हात हातात घ्या. ‘आई, काल मी वाटी आपटली. चुकलं माझं. मी दमले होते.’ हो-नाहीसाठी डाव्या हाताने दाबायची खूण ठरवा, एकदा दाबलं तर हो. अंगावरची चादर काढण्याआधी सांगा, डायपर बदलताना दार लावा. सुनेकडून हे सगळं करून घेताना त्यांना जे वाटतं ते त्या बोलू शकत नाहीत, इतकंच.

वाटी नेमकी भरवतानाच का आपटली, याचंही कारण आहे. पक्षाघातात भरवायला पाऊण तास सहज जातो, त्यात घास बाहेर येतो, आणि तुम्ही त्या वेळी स्वतः उपाशी असता. तुम्ही आधी खा. मग त्यांना पूर्ण बसतं करा, पाठीला आधार, हनुवटी जराशी खाली. छोटा चमचा, चांगल्या म्हणजे डाव्या बाजूने. दोनतीन घासांनी उजव्या गालात बोट फिरवून बघा, लुळ्या बाजूला घास साठून राहतो आणि त्यांना कळत नाही. संपल्यावर अर्धा तास आडवं करू नका. पाणी पिताना ठसका लागत असेल, आवाज ओलसर घरघरीत होत असेल, तर डॉक्टरांना सांगून गिळण्याची तपासणी करून घ्या. घाईत भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून तुम्ही फार दमलेल्या असाल त्या वेळचं भरवणं दुसऱ्याच्या हाती देणं हे त्यांच्या जिवासाठीही चांगलं आहे.

झोपेबद्दल. दर दोन तासांनी कूस बदलायची हे तुम्हाला रुग्णालयात सांगितलं असेल, आणि तुम्ही रात्रीही गजर लावून उठताय. दिवसा ते पाळाच. रात्रीसाठी हवेची गादी घ्या किंवा भाड्याने आणा. कातडी शाबूत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर चार तासांपर्यंत नेता येतं. कूस पूर्ण आडवी करू नका. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवा, म्हणजे कमरेच्या हाडावर भार येत नाही. गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटऱ्यांखाली एक, अशी की टाचा हवेत राहतील. माकडहाड, टाचा, कुल्ले रोज एकदा उजेडात बघा. लाल ठिपक्यावर बोट दाबून सोडलं आणि लाली फिकी झाली नाही, तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, तिथे कातडी गरम, कडक किंवा काळपट लागते. त्या जागी चोळू नका आणि रिंगसारखी मधे भोक असलेली उशी वापरू नका, कडेने रक्तपुरवठा आणखी दाबला जातो.

उजव्या हाताला धरून कधीच ओढू नका, लुळा खांदा निखळू शकतो आणि मग दुखणं मागे लागतं. खांद्यापासून मांडीपर्यंत पोचेल अशी एक दुपदरी चादर आडवी अंथरून ठेवा. दोन माणसांनी दोन्ही कडा अंगाजवळ गुंडाळून धरायच्या आणि एकदम उचलून सरकवायचं. घासत ओढलं की कातडी सोलते. पलंग तुमच्या कमरेइतका उंच करून घ्या. पायांखाली ठोकळे देणार असाल तर ते खाच असलेले, न घसरणारे हवेत. या चादरीने तुमची पाठ वाचते. शिवाय त्यामुळे हे काम दुसऱ्याला शिकवता येतं, म्हणून मी सगळ्यांना आधी तेच शिकवते.

माणसं जमवण्याचा भाग सगळ्यात अवघड, कारण तिथे लाज आड येते. एका कागदावर सात रकाने आखा आणि एक आठवडाभर काय, किती वाजता, किती वेळ, ते लिहा. फक्त नोंदी, तक्रार नको. मग तो कागद यजमानांनी मधे ठेवायचा, तुम्ही नाही. आई त्यांची आहे, बोलणीही त्यांनीच सुरू करायची. दिरांकडे ‘जरा लक्ष द्या’ असं मागू नका, ते हवेत विरतं. ‘दर शनिवारी ३ ते ६ आईजवळ तुम्ही’ असं मागा. नणंद पुण्याहून येऊ शकत नसेल तर तिच्याकडे खर्चाचा एक ठरावीक भाग द्या, डायपर आणि गादीचं भाडं असं नाव घेऊन. कोणी शास्त्र काढलं तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. चौथ्या वचनात मुलं आणि नातवंडांनी आईवडिलांचे उपकार फेडायला शिकावं असं म्हटलं आहे. आपल्या देशाचा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदाही ‘मुलं’ म्हणून मुलगा, मुलगी, नातू, नात यांचीच नावं घेतो, त्यात सून नाही. कोर्टात जा असं मी म्हणत नाही. पण ‘हे सुनेचंच काम’ असं म्हणणाऱ्याला ना शास्त्राचा आधार आहे ना कायद्याचा.

मंडळीकडून मदत मागताना बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. पहिले पंधरा दिवस दहा माणसं येतात, चहा होतो, प्रार्थना होते, कपबश्या तुम्ही धुता, आणि महिन्याने कोणी येत नाही. म्हणून पाळकबुवांना किंवा महिला मंडळाच्या सेक्रेटरीला सहा नावं मागा, जास्त नको. प्रत्येकीचे आठवड्यातून दोन तास, तीन महिन्यांसाठी. याद्या आणि फोन सांभाळणारी एक बाई ठेवा, ती तुम्ही नसावी. आलेल्या माणसाने चहा मागायचा नाही, प्रार्थना दहा मिनिटं, उरलेला वेळ ती रुग्णाजवळ आणि तुम्ही घराबाहेर. उचलण्याच्या कामाला तरुण मंडळातले दोन पुरुष. यात मंडळीवर उपकार मागितल्यासारखं काही नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपात गोंधळ झाला, तेव्हा आणखी प्रीती करा असा उपदेश कोणी केला नाही. सात माणसं नेमली. आपल्याकडेही पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या, तेव्हा नुसता कळवळा नव्हता. विहिरी खणल्या, शेती लावली, छापखाना आणि कामाच्या शाळा उभारल्या, आणि आलेल्या बायकांमधूनच पुढच्यांना सांभाळणाऱ्या तयार केल्या.

बाई ठेवाल तेव्हा तुमचा त्याग तुमच्याहून गरीब बाईच्या पाठीवर टाकला जाणार नाही एवढं बघा. कामं लिहून ठरवा, आठवड्याची सुट्टी द्या, जेवणाची वेळ द्या, पगार ठरल्या तारखेला द्या. ओळखपत्र बघा. पहिले तीन दिवस तिच्याबरोबर राहून चादर, भरवणं आणि कातडी बघणं शिकवा. बारा तासांची पाळी परवडत नसेल तर सकाळचे तीन तास तरी घ्या, अंघोळ आणि डायपर त्यात उरकतं आणि तुमच्या पाठीवरचा सर्वांत जड भाग जातो.

एक गोष्ट स्पष्ट विचारते. ‘या सुटल्या तर बरं’ असा विचार मनात आला असेल तर घाबरू नका, लांबच्या सेवेत तो फार जणींना येतो आणि तेवढ्यावरून तुम्ही वाईट ठरत नाही. पण दोन आठवडे रोज उदास वाटतंय, संधी असूनही झोप येत नाही, खाणं तुटलंय, तर डॉक्टरांकडे जा. स्वतःला किंवा त्यांना इजा करावी असं वाटलं, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. हात उगारला जाईल असं वाटलं तर पलंगाचा कठडा वर करा, त्या कुशीवर सुरक्षित आहेत ना बघा, आणि दहा मिनिटं बाहेर जाऊन उभ्या राहा. आणि घरात तुमच्यावर कोणी हात उचलत असेल, तर वर लिहिलेलं काहीही लागू नाही. मार खाणं हा कोणाचाच वधस्तंभ नाही, महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर फोन करा.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. झुडपाखाली पडून तो मरण मागत होता. देवदूताने त्याला कसलाही उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. पुढची वाट दूरची आहे, एवढंच म्हणाला.

तर सुरुवात या क्रमाने करा. आज रात्री गादीची चौकशी आणि पोटऱ्यांखाली उशी. उद्या काकूंना फोन. रविवारी उपासनेनंतर सेक्रेटरीबाईंकडे सहा नावांची मागणी. आणि दीर शनिवारी आले की पहिल्या खेपेला घर सोडू नका. त्यांना चादरीची एक कड धरायला द्या, दुसरी यजमान धरतील, आणि दोन्ही भाऊ मिळून आईची कूस बदलेपर्यंत तुम्ही नुसतं सांगत राहा, हात लावू नका. दुसऱ्या शनिवारी तीन वाजता चपला घाला.